एका कौलात तीन प्रश्न

लोकांनी एखाद्या कृत्याला मागाहून संमती दिली, म्हणजे ते ज्या रीतीने घडले त्या रीतीतील दोष धुऊन निघतो काय? हा प्रश्न केवळ वकिलांच्या चर्चेचा नव्हे. राष्ट्राध्यक्ष थेट मतदारांनी निवडावा, असा बदल फ्रान्सने १९६२ साली आपल्या राज्यघटनेत केला, तेव्हा तो त्या देशापुढे उघडपणे उभा राहिला.

१९५८ च्या घटनेप्रमाणे ही निवड सुमारे ८० हजार जणांचे निर्वाचक मंडळ करीत असे आणि त्यात गावोगावच्या स्थानिक सभांचे सदस्यच बहुसंख्य होते. थेट निवडीची धास्ती फ्रान्सला जुनी होती. १८४८ साली लोकांनी निवडलेल्या लुई नेपोलियनने १८५१ त प्रजासत्ताक मोडीत काढले आणि वर त्यालाही लोकांची संमती मिळविली! तथापि आपल्या मागून येणाऱ्याच्या पाठीशी युद्धकाळाची पुण्याई असणार नाही, त्याला प्रत्यक्ष लोकमताचेच बळ हवे, असे जनरल द गॉल यांचे मत होते. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ त्यांच्या मोटारीवर गोळीबार झाला. ते बचावले, आणि महिन्याभरात त्यांनी हा बदल लोकांपुढे मांडण्याचे जाहीर केले. विचार अयोग्य होता, असे आम्ही म्हणत नाही.

अडचण मार्गाची होती. घटनेत दुरुस्ती करण्यासाठी कलम ८९ होते व त्यानुसार आधी दोन्ही सभागृहांची संमती आवश्यक होती. सिनेट ती देणार नव्हते. म्हणून द गॉल यांनी कलम ११ चा आश्रय घेतला. शासनसंस्थांच्या रचनेविषयीचे विधेयक थेट जनतेपुढे ठेवण्याची मुभा त्यात होती. सरकारला कायद्याचा सल्ला देणाऱ्या राज्यपरिषदेने प्रतिकूल मत दिले. सिनेटचे अध्यक्ष मॉनेरव्हिल यांनी हा अधिकाराचा द्रोह असल्याचा आरोप केला. ५ ऑक्टोबर रोजी कनिष्ठ सभागृहाने पाँपिदू मंत्रिमंडळावर अविश्वास दर्शविला, तेव्हा द गॉल यांनी ते सभागृहच विसर्जित केले. २८ ऑक्टोबरला सुमारे ६२ टक्के मते अनुकूल पडली. मॉनेरव्हिल घटना परिषदेकडे गेले. जनतेने स्वतः केलेला कायदा हा राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा साक्षात आविष्कार असल्याने तो तपासण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे तिने ६ नोव्हेंबरला सांगितले.

धनी स्वतः बोलल्यावर कारकुनाने काय बोलावे? युक्तिवाद वजनदार आहे खरा. परंतु १९५८ ची घटना याच धन्याने सार्वमताने स्वीकारली होती, कलम ८९ सह. स्वतः घातलेले कुलूप उघडण्याचा हक्क धन्याला नाही असे कोण म्हणेल? पण आपण कुलूप उघडीत आहोत, हे त्याला ठाऊक तर हवे.

आपल्याकडील १८७२ चा करारविषयक कायदा येथे आठवतो. मुखत्याराने अधिकाराबाहेर केलेले काम मालक मागाहून मान्य करू शकतो. मात्र वस्तुस्थितीचे ज्ञान मूलतः सदोष असलेल्याची अशी मान्यता त्या कायद्यात वैध नाही. फ्रेंच मतदाराला विचारले गेले ते इतकेच की, अध्यक्ष थेट निवडावा काय? कलम ८९ वगळून जाण्यास तुझी संमती आहे काय, हे त्या मतपत्रिकेवर कोठेच नव्हते. शिवाय बहुमत तोकडे पडल्यास आपले कार्य संपले, असे द गॉल यांनी बजावून ठेवले होते. अल्जीरियाचे युद्ध नुकतेच संपलेल्या त्या देशात हा तिसरा प्रश्न काही लहान नव्हता. देवापुढे कौल लावताना आपण एक गोष्ट स्पष्ट विचारतो आणि मगच पाकळीकडे पाहतो. तीन प्रश्न एकत्र घालून उजवा कौल मिळाला, तर तो कोणत्या प्रश्नाला मिळाला, हे कोणता पुजारी सांगणार?

द गॉल यांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. १९६९ साली सिनेटची पुनर्रचना व प्रांतांची सुधारणा त्यांनी पुन्हा कलम ११ खालीच जनतेपुढे ठेवली. २७ एप्रिलला जनतेने ती नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी ते पायउतार झाले. लुई नेपोलियनला असले काही सुचले नसते. १९६२ च्या बदलाला विरोध करणारे मित्तराँ पुढे १९८१ साली त्याच थेट मतदानाने अध्यक्ष झाले आणि त्यांनी ती पद्धत तशीच राहू दिली. २००० साली अध्यक्षाची मुदत सातावरून पाच वर्षांवर आणण्यासाठी पुन्हा सार्वमत घेण्यात आले. त्या वेळी ते विधेयक आधी दोन्ही सभागृहांतून, कलम ८९ च्या वाटेने आले होते.