न विचारलेला प्रश्न

आपण एखादा नियम पाळतो तेव्हा नेमके काय पाळतो? नियमाचे शब्द, की त्यामागची करुणा? हा प्रश्न मला चेन्नईतील पेरुंगुडीच्या बाजारात, अथोच्या एका गाडीवर पडला.

अथो म्हणजे बर्मी पद्धतीच्या नूडल्स. त्यांत कोबी, कांदा, चिंचेचा कोळ, भरडलेली लाल मिरची आणि तेल घालून सारे हाताने कालवतात. सोबत केळीच्या गाभ्याचे गरम सूप देतात. 1962 मध्ये बर्मात लष्करी सत्ता आली, पुढे दुकाने आणि व्यवसाय सरकारजमा झाले आणि तेथे स्थिरावलेल्या लाखो भारतीयांना परतावे लागले. त्यांतील तमिळ कुटुंबांनी ही चव चेन्नईत आणली. बर्मात अशा पदार्थांत माशाचा सॉस किंवा सोडे घालतात. येथील गाड्यांवर ते सहसा नसतात.

मी मांस, अंडी, दूध यांपैकी काहीही घेत नाही. तरीही दोन आठवडे मी अथो खात होतो आणि नूडल्सच्या पिठात अंडे आहे का, हे विचारतच नव्हतो. ‘जाणूनबुजून तर खाल्ले नाही ना’, ही माझी पळवाट होती. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; वहीत न लिहिलेला खर्चही खर्चच असतो, हे मला ठाऊक असायला हवे होते.

गांधीजींनी दूध सोडले होते. 1918-19 च्या आजारपणात त्यांनी शेळीचे दूध घेतले, कारण व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती. पुढे आत्मकथेत त्यांनी प्रांजळपणे मान्य केले, की व्रताचा शब्द राखला, पण आत्मा गमावला. माझे तर शब्दही धड राखलेले नव्हते.

शेवटी मी विचारले, “अण्णा, यात अंडे आहे का?”

त्यांनी पाकीट पुढे केले. “नूडल्समध्ये नाही. पण याच हाताने मी उकडलेली अंडी कापतो. चालेल का?”

गिऱ्हाईक जाईल हे दिसत असूनही ते खरे बोलले. मी मात्र दोन आठवडे स्वतःशीही खरे बोललो नव्हतो.

क्षणभर अडखळलो. मग लक्षात आले, की हाताला लागलेल्या कणाने कोणत्याही कोंबडीचे दुःख वाढत नाही. माझ्या पैशाने काय विकत घेतले जाते, यावर ते अवलंबून असते. तेथे नाक मुरडणे ही अहिंसा नव्हे, ते सोवळे झाले असते, आणि त्याची झळ एका प्रामाणिक माणसाला लागली असती. मी म्हटले, “चालेल, अण्णा.”

आता मला येताना पाहिले, की ते आपणहून हात धुतात. मी तसे कधीच सांगितले नाही.

आज जेवायला बसताना आपणही स्वतःला विचारून पाहा: मी कोणता प्रश्न विचारायचे टाळतो आहे? आणि विचारलाच, तर समोरच्याचा मान राखून विचारीन ना?