झुंबराची बोली

ऑगस्ट २०१९. कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे. दरवर्षी या दिवसांत जुन्या गाड्यांचे शौकीन, दलाल आणि नुसते बघे तिथे गोळा होतात. आरएम सदबीज या लिलावगृहाच्या मंचावर त्या रात्री एक चंदेरी, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत गाडी आली. पोर्शे टाइप ६४. अंदाज होता दोन कोटी डॉलरच्या आसपास.

पुकारणाऱ्याने पहिला आकडा घेतला आणि मागच्या पडद्यावर उमटलं, ३ कोटी. सभागृह उसळलं. मग ४ कोटी. लोक फोन वर धरून शूटिंग करायला लागले. ५. ६. ७ कोटी डॉलर! आणि तेवढ्यात पुकारणारा म्हणाला, सेव्हन्टी नव्हे, सेव्हन्टीन. पडद्यावरचा आकडा ७ कोटींवरून धाडकन १ कोटी ७० लाखांवर आला. थर्टीन, फोर्टीन, फिफ्टीन असं चढत गेलेलं सगळं पडद्यावर थर्टी, फोर्टी, फिफ्टी होऊन उमटत होतं. (मराठीत ही गफलत झाली नसती. तेरा आणि तीस यांत कुणाचा कान फसत नाही.)

लोक हसले, काहींनी हुर्यो केली, काही उठून चालायला लागले. सतराच्या पुढे बोली गेलीच नाही. मालकाने ठरवलेली किमान किंमत आली नाही, गाडी न विकता मंचावरून उतरली. हा विनोद नव्हता, गैरसमज झाला, असा खुलासा लिलावगृहाने नंतर केला.

व्हिडिओ पाहताना मीही हसलो. मग विचार आला तो मालकाचा. अर्ध्या-एक मिनिटात त्याची वस्तू ७ कोटींची झाली आणि नंतर कुणालाच नको झाली. गाडी मात्र तीच होती.

ती गाडी साधीसुधी नव्हती. १९३९च्या बर्लिन-रोम शर्यतीसाठी अशा तीन गाड्यांचं काम निघालं. युद्ध सुरू झालं, शर्यत झालीच नाही. ही तिसरी गाडी पोर्शे कुटुंबाने वापरली. फेरी पोर्शेने तिच्या नाकावर घराण्याच्या नावाची अक्षरं बसवली. १९४९ साली ती ओटो माथे या ऑस्ट्रियन रेसरकडे गेली. अपघातात त्याचा उजवा हात निकामी झाला होता, तरी गडी शर्यती मारायचा. १९९५ साली तो वारला, तोवर, म्हणजे सेहेचाळीस वर्षं, ती त्याच्याकडेच होती. आता हिला ‘पोर्शे’ म्हणायचं का, यावर शौकीन मंडळी तासन् तास भांडू शकतात, कारण पोर्शे या नावाची पहिली गाडी म्हणून १९४८ची ३५६ धरली जाते. पण हे भांडणही किमतीचाच भाग असतं.

लिलावाच्या व्यापारात न विकल्या गेलेल्या वस्तूला ‘जळालेली’ म्हणतात. तुमच्या-आमच्या पातळीवर हे ओएलएक्सवर कळतं. बाइक टाकली, दोन महिने गेली नाही, की पुढचा प्रत्येक जण पहिला मेसेज हाच टाकतो, ‘भाई, काही प्रॉब्लेम आहे का?’ प्रॉब्लेम बाइकमध्ये नसतो. पण इतरांनी घेतली नाही, हाच तिचा इतिहास झालेला असतो.

लिलावातून गाडी विकण्यात बाकीच्या जोखमी आहेतच, आणि त्या कागदावर मांडता येतात. कमिशन, वाहतूक, विमा. लिलावगृह दोन्हीकडून कमावतं. २०१८ साली याच मॉन्टेरेत एक फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ४० लाख डॉलरला पुकारली गेली, पण घेणाऱ्याने भरले ४ कोटी ८४ लाखांच्या वर. मधले ४४ लाख लिलावगृहाच्या शुल्काचे. त्यामुळे गाडी मिळवताना लिलावगृहाला मोठा अंदाज सांगायचा मोह असतो आणि लिलाव जवळ आला की मालकाने किमान किंमत जरा खाली आणावी असं वाटायला लागतं. थोडी कमी किमतीला विकली तरी त्यांचं फार बिघडत नाही, न विकली तर बिघडतं. हातोडा पडल्यावरही सुटका नसते. इंग्लंडमध्ये गुडवुडला २०१४ साली बॉनहॅम्सने विकलेली फेरारी ३७५ प्लस एक कोटी पौंडांच्या वर गेली आणि मग मालकीच्या वादात लंडनच्या कोर्टात अडकली.

हे सगळं वकील सांगेल. मला अडवणारा प्रश्न वेगळा आहे. त्या रात्री जे झालं त्याची तक्रार मालकाला करता येते का?

लिलाव चालतो कसा बघा. किमान किंमत गुप्त असते. बोली त्या किमतीपर्यंत पोचेपर्यंत पुकारणारा मालकाच्या वतीने स्वतःच बोली लावू शकतो. तो छताकडे कुठेतरी बघतो, मान हलवतो, आकडा चढतो. तिथे कुणीच नसतं, फक्त झुंबर असतं. इंग्रजीत याला झुंबराचीच बोली म्हणतात. हे बेकायदा नाही, अटींच्या बारीक अक्षरात आधी छापलेलं असतं. आपल्याकडच्या १९३०च्या वस्तुविक्री कायद्यातही कलम ६४ हेच सांगतं. बोली लावायचा हक्क मालकाने उघडपणे राखून ठेवला असेल तर चालेल. किंमत फुगवायला खोटी बोली लावली, तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो.

म्हणजे कायद्याच्या लेखी ‘सांगितलेलं खोटं’ हे खोटं नाही. बुद्धिबळात समोरच्याला फसवणं जसं खोटं नसतं तसं. ठीक. पण बुद्धिबळात दोघांना पट सारखाच दिसतो. इथे खुर्चीत बसलेल्याला कुठली बोली माणसाची आणि कुठली झुंबराची, हे कळायचा मार्ग नाही. आणि कळलं, तर या पद्धतीचा उपयोगच संपला. ‘इतरांना हवी आहे’ हे बघून आपल्यालाही हवीशी वाटावी, एवढ्यासाठीच तर सगळा देखावा: दिवे, पडदा, पुकारणाऱ्याचा चढता आवाज.

मालक यातलं काहीच स्वतः करत नाही. तो म्हणेल, मी फक्त करारावर सही केली, बोलणारा तो. पण दुसऱ्याच्या तोंडून करवून घेतलेली भुरळ आपली नसते का? माझ्या मते असते. खासगीत, एका माणसाला, चहा पाजून गाडी विकता आली असती. त्याने गर्दी निवडली, कारण गर्दीत माणसं स्वतःच्या अंदाजापेक्षा जास्त देतात. मॉन्टेरेतली गर्दी ठरल्याप्रमाणेच वागली. तिला भुरळ पडली, फक्त चुकीच्या आकड्याची. खुलाशातही सभागृहातल्या उत्साहाने गोंधळ वाढल्याचं म्हटलं होतं. तो उत्साह तर मुद्दाम मागवलेला होता.

इतकं लिहून मला जरा अवघडल्यासारखं होतं, कारण चूक त्या माणसाची नव्हती. उच्चार दुसऱ्याचा, पडदा तिसऱ्याचा. त्याचं नुकसान खरं आहे आणि कलम ६४मध्ये त्याच्यासाठी ओळ नाही. फसलेल्या घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. ज्याची वस्तू चारचौघांत हसण्यावारी गेली त्याला मोडायला सौदाच नसतो. त्याला सहानुभूती द्यावी, पण पूर्ण निर्दोष म्हणू नये, असं माझं मत होतंय.

आमच्या तालुक्याच्या गुरांच्या बाजारात आजोबा बैल विकायला न्यायचे. तिथे सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि देणारा हात हातात घेणार, वर उपरणं टाकणार आणि बोटं दाबून आकडे सांगणार. भोवती पन्नास माणसं, पण आकडा दोघांनाच ठाऊक. लहानपणी मला वाटायचं हे चोरटं आहे. ते चोरटं होतंही. मधला दलाल एकाला एक बोट आणि दुसऱ्याला दुसरं दाबायचा, शेतकरी नागवला जायचा. म्हणून तर बाजार समित्यांमध्ये उघडा लिलाव आला आणि तो यायलाच हवा होता.

पण रुमालाखाली एक गोष्ट शाबूत राहायची. नाकारलेला आकडा कुणाच्या कानी पडायचा नाही. पुढच्या गिऱ्हाइकासमोर बैल कोराच उभा.

झुंबराच्या लिलावात आकडा चव्हाट्यावर आणि बोली लावणारा रुमालाखाली. म्हणजे उघड्या बाजाराची बेअब्रू आहे आणि झाकलेल्या बाजाराची लपवाछपवीही आहे. सगळ्यात मोठे लोक हे ओळखून असावेत. मे २०२२मध्ये मर्सिडीजने आपली १९५५ची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे विकली ती श्टुटगार्टच्या स्वतःच्या संग्रहालयात, निवडक निमंत्रितांसमोर. लिलावगृह तेच, मॉन्टेरेचं. जगाला कळलं ते दोन आठवड्यांनी, १३ कोटी ५० लाख युरो हा आकडा पक्का झाल्यावर. समजा तिथे कुणी थर्टीनचं थर्टी केलं असतं, तरी आपल्या फोनवर काही आलं नसतं.

एकदा आजोबा बैल परत घेऊन आले. आजीने विचारलं, किती म्हणाला होता? आजोबांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, ‘जमलं नाही.’ पुढच्या बाजारी तो बैल गेला. केवढ्याला, ते आजीला सांगितलं असेल. मला कधी कळलं नाही.