शस्त्र बाळगावे काय?

स्वतःच्या जीविताचे रक्षण करण्याचा मनुष्यास अधिकार आहे, हे तत्त्व इतके सर्वमान्य आहे की, त्याविषयी वाद घालण्यात हशील नाही. आततायी अंगावर चालून आला असता त्याचा वध करण्यात दोष नाही, असे आमच्या स्मृतिकारांनी सांगितले आहे. आणि लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त अहिंसेच्या अपवादांची चर्चा करताना त्याच वचनाचा आधार घेतला आहे. १८६० च्या दंडसंहितेने ९६ ते १०६ या कलमांत हा अधिकार नमूद केला होता. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ३४ ते ४४ या कलमांत तो कायम ठेवला आहे. धर्मशास्त्र आणि कायदा यांचे असे एकमत क्वचितच आढळते. परंतु एवढ्यावरून प्रत्येक गृहस्थाने पदरी पिस्तूल बाळगावे, असे सिद्ध होते काय? अधिकार ही एक गोष्ट आणि त्याचे साधन ही दुसरी. या दोहोंची गल्लत होते म्हणूनच, परवाना काढावा का आणि काढल्यास कोणत्या हत्याराचा, हा प्रश्न सुशिक्षित मंडळींतही कधी कधी छत्री कोणती घ्यावी अशा सुरात विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर देताना प्रथम एक दांभिकपणा टाळला पाहिजे. ‘छे, आम्ही सभ्य माणसे, आम्हांस बंदुकीचे काय काम?’ असे म्हणणारा गृहस्थ रात्री स्वस्थ झोपतो, तो केवळ स्वतःच्या सभ्यतेच्या बळावर नव्हे. चौकीवरील शिपाई, कोपऱ्यावरील गस्त आणि वेळ पडल्यास येणारी सशस्त्र तुकडी यांच्या भरवशावर तो झोपतो. हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६५१ साली ‘लेव्हायथन’ ग्रंथात आपल्या वाचकांस हेच विचारले होते: प्रवासास निघताना तुम्ही शस्त्र घेता, झोपताना दारास कडी लावता, इतकेच नव्हे तर घरातल्या पेटीसही कुलूप घालता, मग शेजाऱ्यांविषयी आणि घरच्या माणसांविषयी तुमचे खरे मत काय? आम्ही आमचे शस्त्र टाकून दिलेले नाही. ते राज्यसंस्थेपाशी ठेव म्हणून ठेवले आहे. तेव्हा ठेवीदाराने शस्त्राविषयी तिरस्कार दाखविणे शोभत नाही. ठेव सुरक्षित आहे की नाही, एवढेच त्याने विचारावे.

ही ठेव आमच्या देशात आरंभी खुशीने ठेवलेली नव्हती. ज्या परकीय सत्तेने १८६० साली आत्मरक्षणाचा हक्क लिहून दिला, तिनेच १८७८ च्या कायद्याने त्याचे साधन परवान्याच्या कुलपात घातले, आणि त्यातून युरोपियनांस सूट दिली. या अपमानाचा सल राष्ट्रीय चळवळीत खोल रुतला होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश केला, तो त्यामुळेच. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी घटना समितीत हा हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. राज्य आपले झाले, तेव्हा शस्त्राचा प्रश्न मानापमानाचा न राहता व्यवस्थेचा झाला, असा या घटनेचा अर्थ आम्ही लावतो. पारतंत्र्यात निःशस्त्र असणे ही मानहानी होती. स्वराज्यात तो परस्परांशी केलेला करार असू शकतो.

आता कोणते हत्यार, याचा विचार करू. १९५९ च्या शस्त्र कायद्याने याविषयी जो विवेक दाखविला आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. नळी किमान वीस इंच लांब असलेली साधी बंदूक रक्षणासाठी अथवा शिकारीसाठी मागितल्यास, आणि ठासणीची बंदूक खरोखर पिकाच्या राखणीसाठी मागितल्यास, कायद्याचा कल परवाना देण्याकडे आहे. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मागणाऱ्यास मात्र सबळ कारण दाखवावे लागते. हा भेद अर्थपूर्ण आहे. लांब बंदूक घराची राखण करते, ती चारचौघांस दिसते, आणि ती घेऊन कोणी लग्नसमारंभास किंवा बाजारात सहज जात नाही. रिव्हॉल्व्हर खिशात मावते. धन्याबरोबर ते भांडणात जाते, मद्यपानाच्या बैठकीत जाते, आणि त्याच्या निराशेच्या रात्रीही जवळच असते. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून सुमारे अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याची किंमत लाखाच्या वर होती. ज्या स्त्रीला रात्रपाळी संपवून अंधाऱ्या रस्त्याने घरी जावे लागते, तिला ते परवडणार कसे? आणि जिला परवडते, ती बहुधा त्या रस्त्याने पायी जात नाही. याच कायद्याने अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे म्हटले आहे, हे त्यास भूषणावह आहे. परंतु दुकानदाराच्या दरफलकास हे कलम लागू नाही.

शिवाय घरातील शस्त्रापुढे एक पेच कायमचा असतो. ते रिकामे करून कपाटात कुलूपबंद ठेवावे, तर अवचित आलेल्या दरोडेखोरापुढे त्याचा उपयोग नाही. भरून उशाशी ठेवावे, तर दरोडेखोर येईपर्यंतच्या हजारो रात्री ते मुलांच्या, नोकरांच्या आणि आपल्याच उद्विग्न मनाच्या हाताशी राहते. अमेरिकेत या दुसऱ्या पर्यायाचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. तेथे बंदुकीने होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरात बंदूक असण्याचा संबंध घरातच खून होण्याच्या वाढीव धोक्याशी आढळला, आणि त्यातील मारेकरी बहुतेक घरचे किंवा ओळखीचे होते. या अभ्यासावर तेथे पुष्कळ वाद झाला. आमची कुटुंबव्यवस्था निराळी, असेही कोणी म्हणेल. परंतु क्षणिक संताप आणि क्षणिक नैराश्य या गोष्टी कोणत्याही एका देशाच्या नव्हेत. क्षण टळला म्हणजे माणूस वाचतो. भरलेले पिस्तूल तो क्षण टळू देत नाही.

याहून सूक्ष्म प्रश्न शस्त्रधाऱ्याच्या मनाचा आहे. अधिकाऱ्यांची मदत मागण्यास अवसर असेल तर हा हक्क नाही, आणि रक्षणास आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही, अशा दोन मर्यादा कायद्याने घातल्या आहेत. न्यायाधीश ज्याचा निवाडा महिनोन् महिने करतो, तो प्रश्न येथे एका भेदरलेल्या माणसाने, अंधारात, दोन क्षणांत सोडवायचा असतो. म्हणून जो कमरेस पिस्तूल लावतो त्याने इतरांहून अधिक शांत असले पाहिजे, अधिक अपमान गिळले पाहिजेत आणि वादातून प्रथम माघार घेतली पाहिजे. कारण त्याच्या बाबतीत साधी झोंबाझोंबीही जीवनमरणाची होऊ शकते. शस्त्राने माणसास निर्भयता येते, हा समज अर्धवट आहे. शस्त्र त्याच्या स्वातंत्र्याचा एक मोठा भाग, म्हणजे रागावण्याचे स्वातंत्र्य, काढून घेते. हा व्यवहार ज्यास मान्य नसेल त्याने त्या वाटेस जाऊ नये.

यावरून शस्त्र कोणीच बाळगू नये, असे मात्र आम्ही म्हणत नाही. कोकणात रानडुकरांच्या कळपापासून पीक राखणारा शेतकरी, गावापासून दूर वस्तीवर राहणारे कुटुंब, अथवा साक्ष दिल्यामुळे जीवे मारण्याच्या धमक्या येत असलेला मनुष्य यांना आमच्या शहरी विवेकाचे धडे देणे निष्ठुरपणाचे होईल. ज्यांस मदत वेळेवर पोचू शकत नाही, त्यांनी आपली ठेव परत मागितली तर तो त्यांचा हक्क आहे. मात्र भय नाव घेऊन सांगता आले पाहिजे. मदत खरोखर दूर असली पाहिजे. शस्त्र चालविण्याचे आणि त्याहून अधिक म्हणजे ते न चालविण्याचे शिक्षण घेतलेले असावे. आणि जे सर्वांत कमी लपते व सर्वांत कमी फिरते तेच निवडावे. वर्तमानपत्र वाचून आलेले मोघम भय या कसोटीस उतरत नाही.

बाकीच्या आम्हां मध्यमवर्गीयांपुढे प्रश्न निराळा आहे. आपल्या गल्लीतील दिवा महिनाभर बंद आहे, चौकीत तक्रार नोंदवून घेत नाहीत, शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला तरी आपण दार उघडत नाही. अशा स्थितीत पिस्तुलाचा परवाना काढणे म्हणजे सामाईक भिंत ढासळत असता स्वतःपुरती छत्री उघडणे होय. तो दिवा लावून घेणे, ती तक्रार नोंदवावयास लावणे आणि ते दार उघडणे यांसही धैर्य लागते. त्या धैर्यास परवाना लागत नाही. आणि ज्याला कोणतेही हत्यार परवडत नाही, त्या शेजाऱ्याचेही रक्षण त्यानेच होते.