पेटीतला टोप

"केसांचं काय घेऊन बसलीस, अक्का. परत येतात की."

हे मीच बोललो. लातूरच्या घरात, फेब्रुवारीच्या शेवटी. पहिल्या केमोला सतरा दिवस झाले होते. अक्का मोरीच्या तोंडाशी पाटावर बसली होती आणि नुसता हात फिरवला तरी बटाच्या बटा हातात येत होत्या. ते केसही तिनं वाया जाऊ दिले नव्हते. बोटाभोवती गुंडाळून पुंजके केले आणि देवळीत ठेवले, केसांवर भांडी देणारा गल्लीत येईल तेव्हासाठी. आयुष्यभर ती तसंच करत आली. माझं बोलणं ऐकून तिनं वर पाहिलं. "एवढ्यात मोठं पातेलं आलं असतं, बापू," म्हणाली आणि डोक्यावर पदर घेतला.

त्यानंतर केसांचा विषय तिनं माझ्यापुढं काढला नाही. मला वाटलं, समजूत पटली. आता कळतं, त्या वाक्यानं मी माझीच सुटका करून घेतली होती. तिच्यापाशी बसवत नव्हतं. मी फाईल उचलली आणि झेरॉक्स काढायला निघून गेलो. ते केस कुणी झाडले, उशीवरचे कुणी वेचले, मला माहीत नाही. बहुतेक तिनंच.

कागदांचं काम मी चोख केलं. रेशनकार्ड, आधार, महात्मा फुले योजनेची मंजुरी, प्रत्येक केमोआधी पांढऱ्या पेशींचा आकडा. आमच्या लहानपणी कुणाला 'बार्शीला नेलंय' म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचं नाव घ्यायचीही गरज पडत नसे. आता लातुरातच केमो मिळते, याचं मला खरंच समाधान होतं. नांदेडहून एसटीनं जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर मागं पडेपर्यंत मी आजाराबद्दल वाचत असायचो आणि पोचलो की अक्काला समजावून सांगायचो. डोक्यावरचे 85 ते 90 टक्के केस एकाच वेळी वाढत असतात. भराभर विभागणाऱ्या पेशी औषध मारतं. गाठीतली पेशी कोणती आणि केसाच्या मुळातली कोणती, हे त्याला कळत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांत सगळे एकदम जातात, आणि औषध थांबल्यावर काही महिन्यांत पुन्हा फुटतात. यातलं काही चुकीचं नव्हतं. भुवया आणि पापण्याही जाऊ शकतात, हे मात्र सांगायचं राहिलं. त्या गेल्या तेव्हा ती आरशापुढं एकटी होती.

'परत येतात' हे मी एवढ्या सहज कसं म्हणालो, याचा शोध घेतला तर मला गोवर्धन घाट आठवतो. अण्णा गेले तेव्हा दहाव्याला गोदावरीच्या काठी मी मुंडण केलं होतं. तिरुपतीलाही एकदा केस देऊन आलो. दोन्ही वेळा लोकांनी माझ्या डोक्याकडं आदरानं पाहिलं. बाप गेलाय, मुलानं कर्तव्य केलंय. देवाला जाऊन आलाय. महिन्याभरात खुंट आले आणि मी विसरूनही गेलो. केस जाण्याचा माझा अनुभव एवढाच, आणि तोच मी अक्काच्या डोक्यावर ठेवला. माझे केस मी दिले होते. तिचे गेले होते.

आणि बाईचं बोडकं डोकं आपल्याकडं वेगळंच काही सांगतं. मी शाळेत इतिहास शिकवतो. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी संप केला, विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणाले, हे दरवर्षी मुलांना अभिमानानं सांगतो. पण त्या उन्हाळ्यात अक्काचं कुंकू मोठं होत गेलं, आधी टिकलीएवढं, मग रुपयाएवढं, ते मला दिसूनही उमगलं नाही. दाजी ठणठणीत आहेत. तरी पदर सरकला की समोरची बाई आधी कपाळ बघते, हे तिला ठाऊक होतं. घरातल्या कुणी तिला विचारलं नाही. मी तर मुळीच नाही.

आता टोपाचं सांगतो. ते सांगायलाच हे लिहायला घेतलं.

मे महिन्यात माझ्या मुलीचा साखरपुडा होता, नांदेडला. अक्काच्या चार केमो झाल्या होत्या. मी मुंबईहून केसांचा टोप मागवला, चांगला, महागाचा. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. मीही ते मानून घेतलं. खरं कारण असं, की व्याह्यांना मी कॅन्सर सांगितला नव्हता. टायफॉइड झाला होता, अशक्तपणा आहे, असं सांगितलं होतं. आत्याला छातीचा कॅन्सर म्हटलं की मुलीकडं कसं बघतील, या भीतीनं. स्थळ चांगलं होतं. अक्काचं तोंड मी त्या स्थळासाठी बंद ठेवलं.

नांदेडचा मे. मांडवात पंखे होते, पण अक्का पंख्याच्या वाऱ्यात बसली नाही. टोप हलेल म्हणून. टोपाखालून घाम कानामागं उतरत होता आणि ती रुमालानं हळूच टिपत होती. व्याहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "टायफॉइडात केस गेले नाहीत बघा तुमचे, नशीब." अक्का हसली. रात्री न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर लाल वळ उमटला होता, कडेनं कडेनं, काचल्यासारखा. मी पाहिला. "तेल लावू का?" एवढंही माझ्या तोंडून आलं नाही. ती मात्र म्हणाली, "झालं ना नीट सगळं?"

तिला माहीत होतं. तो टोप तिनं माझ्यासाठी घातला होता.

मुलीचे केस कमरेखाली आहेत. केमो घेणाऱ्या बायकांच्या टोपांसाठी मुंबईतला 'कोप विथ कॅन्सर – मदत ट्रस्ट' केस घेतो, किमान 12 इंच लागतात, हे तिनंच शोधून काढलं. "आत्यासाठी कापते," म्हणाली. मी म्हणालो, लग्नानंतर बघू. कारण तेच.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या बाजूला एक ओळखीचे सरदारजी राहतात. त्यांचीही केमो झाली. केश म्हणजे त्यांच्याकडं धर्म, गुरूंनी दिलेली खूण. ते गळताना त्यांना काय वाटलं असेल, याचा अंदाज मी करू धजत नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचा मुलगा त्यांच्या डोक्यावर आधी मऊ सुती कापड ठेवून वरून पगडी बांधत होता. रोज सकाळी तोच बांधतो. केस परत येतील असं त्या घरात कुणी बोललं नाही. तो मुलगा एका हातानं वडिलांची मान धरून दुसऱ्या हातानं पेच देत होता, आणि मला एकदम आठवलं, मी अक्काच्या डोक्याला अजून एकदाही हात लावलेला नाही. लहानपणी माझं डोकं तीच घासून द्यायची, शिकेकाई डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा तळवा धरून.

सहावी केमो जूनमध्ये झाली. आता कार्तिक आहे. केस दोन बोटं आलेत, पूर्वीसारखे सरळ नाहीत, कुरळे आहेत, आणि पांढरे जास्त. मागच्या खेपेला ती पायरीवर उन्हाला बसली होती. "बघ तरी हात लावून," म्हणाली. मी हात लावला. कोकराच्या अंगासारखं लागलं. आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही.

लग्न मार्गशीर्षात आहे. परवा तिचा फोन आला. "लग्नात टोप घालायचा का रे, बापू? आत्ताच सांग. पेटीतून काढून हवेला ठेवायला लागंल." तिच्या आवाजात रुसवा नव्हता, साधं विचारणं होतं. आणि मी म्हणालो, "बघू."

त्या 'बघू'मुळं दोन रात्री झोप नाही. व्याही नांदेडातच राहतात, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी पण येते, बाबा. अक्काला फोन करण्याआधी तिथं जाऊन यायचं आहे.