उचलून घेऊ की!

दिव्यांगांना साहित्य वाटल्याचा तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. हार, पाहुणे, ओळीने तीनचाकी सायकली. कोणाला कसली सायकल हवी, हे विचारलं कोणी? आणि विचारलंच तर सोबत आलेल्याला: "यांना काय पाहिजे?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. समोर बसलेल्या माणसाला तोंड आहे.

त्याच आठवड्यात मुक्ताईनगरातल्या एका कचेरीचा जिना पाहिला. आमच्या शेजारच्या ताईला पोलिओमुळे चालता येत नाही. शेताच्या कागदासाठी आली होती. उतार नाही. "उतार कशाला? उचलून घेऊ की, माणसं आहेत ना!" कोणती माणसं? जेवणाच्या सुट्टीत ती कुठे असतात? वर नेतील, खाली कधी आणतील? काखेत हात घालणारा ओळखीचा तरी आहे का? दोघांनी उचललं तेव्हा ताईचा पदर सुटला. सावरायला हात मोकळा नव्हता, कागदांची पिशवी तिने दातांत धरली होती. एक चप्पल पायरीवरच राहिली. सकाळपासून ती पाणी प्यायली नव्हती, कारण मोरीला जायचं तर पुन्हा कोणाला तरी हाक मारायची. मुक्ताईच्या पालखीला आपण भक्तीने खांदा देतो. पण पालखीतल्या पादुकांना तहान लागत नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदींना स्वतःच्या लग्नासाठी असंच दोन मजले उचलून न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती, अधिकारी खाली उतरले नाहीत. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. ती आमच्या जिन्यापर्यंत पोचलेली नाही.

इमारत जुनी, निधी नाही, हेही ऐकवतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे नियम 2017 मध्ये निघाले. जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत होती, ती कधीच संपली. मालमत्ता बाळगण्याचा, पैशाचे व्यवहार स्वतः बघण्याचा इतरांइतकाच हक्क त्याच कायद्याने दिलाय. पण सहीचं टेबल वर आणि ताई खाली.

शेत ताईच्या नावावर आहे. केळी लावायची की कापूस, हे आजवर तीच ठरवत आली. खाली आणून बसवल्यावर तिने पिशवीतले कागद मोजले.

"पुढच्या खेपेला भावालाच पाठवते," ती म्हणाली. "मुखत्यारपत्रच करून देते त्याला."