प्रयोग कोणावर, हिशेब कोणाचा?

नवी कल्पना अजमावून पाहण्यात वावगे काही नाही. शेतकरी नवे बियाणे आधी दोन-चार सऱ्यांत लावून पाहतो. गृहिणी नवा पदार्थ पाहुण्यांपुढे ठेवण्यापूर्वी घरच्यांना चाखविते. संगणकाच्या आज्ञावली घडविणारे आपले तरुणही तेच करीत असतात. शिरूरहून नगर रस्त्याने खराडीला आणि दौंडहून आगगाडीने पुण्याला जाणाऱ्या नोकरदारांत या व्यवसायातली मुलेमुलीही आहेत. त्यांच्या कार्यालयांत एखाद्या अ‍ॅपचे दोन नमुने तयार होतात. काही लोकांना पहिला दाखवितात, काहींना दुसरा. ज्यावर अधिक बोटे पडतात तो सर्वांसाठी कायम होतो. आपल्यावर चाचणी चालली आहे याची वापरणाऱ्याला बहुधा वार्ताही नसते. अशा वेळी नीती-अनीतीचा विचार करणे हे त्या तरुणांचे काम आहे काय? की तो भार मालकावर व वकिलांवर टाकून त्यांनी केवळ आकडे पाहावेत?

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. तो म्हणतो, दुकानदारही माल मांडण्याची रीत बदलून गिऱ्हाईक कोठे थांबते ते पाहतो. त्याला कोणी दोष देत नाही. शिवाय न अजमावता एखादी गोष्ट एकदम लाखो लोकांच्या हाती देणे हे तर अधिक बेजबाबदारपणाचे. हा युक्तिवाद पोकळ नाही. चाचणी घेणे हे पुष्कळदा कर्तव्यच असते. परंतु एवढ्याने प्रत्येक चाचणी निर्दोष ठरत नाही.

जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांवर एक प्रयोग केला. काहींच्या पुढ्यात येणारा आनंदी मजकूर कमी केला, काहींच्या पुढ्यात येणारा दुःखी मजकूर. त्यामुळे त्या माणसांच्या स्वतःच्या लिखाणाचा सूर बदलतो काय, हे पाहावयाचे होते. तो अल्पसा बदलला. जून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर संताप उसळला. खाते उघडताना मान्य केलेल्या अटींत संमती आलीच, असा बचाव होता. पण कोणी न वाचलेल्या लांबलचक अटींखालची खूण म्हणजे संमती नव्हे. आणि त्या साडेसहा लाखांहून अधिक लोकांत आधीच खचलेला, एकाकी असा कोणी होता काय, हे कोणी पाहिले होते? मनुष्य हा केवळ साधन नसून स्वतःच साध्य आहे, हे कांटने अठराव्या शतकात सांगितले. दुकानदाराची मांडणी आपल्याला उघड दिसते, आणि तेथून पाठ फिरविण्यास आपण मोकळे असतो. येथे या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

आता आपल्या शिवाराकडे वळू. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी करीत असत ती पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, छायाचित्र काढून मोबाईलवरून करावयाची. कल्पना चांगली. पण ज्याच्यापाशी साधाच फोन आहे, ज्याच्या रानात रेंज येत नाही, किंवा ज्याला अक्षरओळख बेताची आहे, त्याने काय करावे? ही नोंद पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई यांच्या कामी येते. घोडकाठचा कांदा असो वा भीमाकाठचा ऊस, नोंद चुकली तर फटका बसतो तो शेतकऱ्याच्या घराला. अ‍ॅप घडविणाऱ्याला नव्हे. तक्रारी आल्या, आणि २०२२ च्या खरिपात सुधारित आवृत्ती आली. छायाचित्र गटापासून दूर घेतले गेल्यास ते शेतकऱ्याला कळावे, आणि चुकलेली नोंद ४८ तासांत एकदा स्वतः दुरुस्त करता यावी, अशी सोय तीत झाली. तांत्रिकदृष्ट्या ही सुधारणा किरकोळ वाटेल. आमच्या दृष्टीने ती नैतिक आहे, कारण चुकणाऱ्या माणसासाठी तीत जागा ठेवलेली आहे. अशी जागा पहिल्याच दिवशी असावी, हा विचार चाचणीच्या वेळीच व्हावयास हवा.

यावरून आम्हास तीन कसोट्या सुचतात. ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला तो कळतो काय, आणि नाकारता येतो काय? प्रयोग फसला तर तोटा कोणाच्या पदरी पडतो, आणि तो भरून निघण्यासारखा आहे काय? तिसरी सर्वांत अवघड: यश आपण कशाने मोजतो? बोटे किती पडली एवढेच मोजले, तर माणसाला गोंधळात टाकणारा नमुना पुष्कळदा पहिला येईल. नको असलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे, ‘शेवटचे दोनच उरले’ अशी खोटी घाई करणे, सेवा बंद करण्याची वाट लपविणे या युक्त्या चाचणीत ‘यशस्वी’ ठरल्या म्हणूनच फोफावल्या. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ प्रकारांना मनाई केली. परंतु कायदा येतो तो अपाय होऊन गेल्यावर. त्याआधी त्या खोलीत बसलेल्या माणसाची सदसद्विवेकबुद्धी तेवढी हजर असते.

‘मी तर साधा नोकर, माझे कोण ऐकणार?’ असे एखादा तरुण म्हणेल. त्याची अडचण खरी आहे. घराचे हप्ते आहेत, नोकरीची शाश्वती नाही. प्रत्येकाने राजीनामा फेकावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु बैठकीत ‘हे माझ्या आईच्या फोनवर आले तर तिला समजेल काय?’ एवढे विचारण्यास फारसे धैर्य लागत नाही, आणि तो प्रश्न मोठमोठ्या आकड्यांनाही थांबवू शकतो. पालकहो, मुलाचा पगार किती हे आपण अगत्याने विचारतो. तो जे घडवितो त्याने कोणाचे भले होते, हेही एकदा विचारावे.