चारही चाकं सारखी झिजावीत



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 32.

आसन, एकांत, मिताहार हे सगळं सांगून झाल्यावर भगवंत इथे श्रेष्ठ योगी कोण ते सांगतात. दुसऱ्याचं सुखदुःख जो स्वतःच्या मापाने मोजतो, तो. हा श्लोक मी खूप वेळा वाचलाय. कळला मात्र गेल्या शनिवारी, गॅरेजमध्ये!

मी जर्मनीत राहतो. इथे ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, मग उन्हाळी, असा साधा हिशोब असतो. मेकॅनिकने हिवाळी चाकं उतरवली, प्रत्येकावर खडूने जागा लिहिली आणि नक्षीची खोली मोजली. मागच्यांची 6 मिलिमीटर, पुढच्यांची जेमतेम 4. गाडी ओढायची पुढच्यांनी, वळवायची त्यांनीच, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावर. म्हणून दर सीझनला पुढची मागे, मागची पुढे करायची असतात. मी मात्र दोन वर्षं "होती तशीच लावा" म्हणत होतो.

तो म्हणाला, "फरक थोडा असतो तेव्हाच बदलायची. पुढची संपल्यावर काय उपयोग?"

मला एकदम दादा आठवला.

बाबा अंथरुणाला खिळल्यापासून कोल्हापूरचं सगळं दादा-वहिनी बघतात. मी पैसे पाठवतो आणि रविवारी व्हिडिओ कॉल करतो. मागच्या रविवारी दादा औषधांवरून माझ्यावर ओरडला. मला राग आला. वाटलं, हा हल्ली फार चिडका झालाय.

उन्हाळी चाकांपैकी एकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं निघालं. असं चाक गावात फिरताना कळत नाही, पण ऑटोबानवर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. आपण स्टिअरिंगला दोष देतो. मेकॅनिकने चाक फेकलं नाही. हलक्या बाजूला, रिमवर 20 ग्रॅमचं वजन चिकटवलं. बस्स.

मंडळी, आमच्या घरातली हलकी बाजू मी होतो. दादाचा आवाज थरथरत होता आणि मी त्याच्या स्वभावाला नावं ठेवत होतो. रोज सकाळी ध्यानाला बसणारा मी! त्याची जागरणं माझ्या मापाने एकदाही मोजली नव्हती.

घरी येऊन मे महिन्याचं तिकीट काढलं, चार आठवड्यांचं. लॅपटॉप घेऊन जाईन, तिथूनच काम करेन. दादाला फोन केला. "रात्री बाबांजवळ मी झोपेन. तू आणि वहिनी कुठेतरी जाऊन या."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "नक्की ना? मग हिला सांगतो."

चार आठवड्यांनी सगळं फिटत नाही, हे मला माहीत आहे. पुढच्या सीझनलाही जावं लागेल.

आजचा अभ्यास: तुमच्या घरात, टीममध्ये सतत पुढचं चाक कोण आहे? त्याला आज "थँक यू" म्हणून थांबू नका. त्याचं एक काम उचला. तो झिजून संपायच्या आत.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥